नेलपॉलिशची रेघ

गॉगल तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने जीपमधून उतरायचीही तसदी घेतली नाही. दुकानाच्या पत्र्याखाली वहिनी स्पीकरच्या तारा जोडत बसली होती. तिच्या पायापाशी चाक आणून त्याने गाडी थांबवली आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि पत्रा आत्तापासूनच तापून कडकडायला लागला होता.

"मिस्त्री," तो खिडकीतून ओरडला, "तुमचा डबा परत मेला!"

गॉगल हे काही त्याचं नाव नव्हे. काळा चष्मा तो डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त घालायचा, म्हणून ते चिकटलं. खाणीवरच्या मजुरांना सकाळी न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं हा त्याचा धंदा. सहा जीपा होत्या. खाणीचा रस्ता तासाभराचा, सगळा धुरळ्याचा आणि चढाचा, आणि मजूर त्याच जीपमध्ये बसत जिच्यात गाणी दणक्यात वाजत. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला जाता-येताना निदान कानाला तरी काही बरं हवं असतं. या एका गाडीतली सिस्टीम नीट चालली तर उरलेल्या पाच गाड्याही याच दुकानात आणायच्या, असं गॉगलने कबूल केलं होतं. कबूल केलं होतं आणि आता पस्तावत होता.

मिस्त्रीने हॉर्न ऐकून मान वळवली. "काय झालं?"

"सांगितलं ना आत्ता. मेला परत. अर्धा तास वाजतो, मग लाल दिवा लागतो आणि मुका. चढाच्या मध्यावर. मागे चौदा माणसं शिव्या घालतात मला. हात लावून बघा, चटका बसतो की नाही."

वहिनीनेच उठून ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. डब्याच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, ॲल्युमिनियमच्या फासळ्यांना बोट टेकवलं आणि पटकन मागे घेतलं. मग ते बोट तिने कानाच्या पाळीला लावलं, चटका बसला की सगळ्याच बायका लावतात तसं.

"वायरिंग कोणी केलं याचं?" मिस्त्रीने विचारलं.

हा प्रश्न कशाला विचारायचा? दुकानात माणसं तीन, मिस्त्री, त्याची बायको म्हणजे वहिनी आणि त्याचा धाकटा भाऊ. वायरिंग धाकटा करतो, बारीक सोल्डरिंग वहिनी करते आणि शेवटचं आवाज लावायचं काम मिस्त्री करतो, हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकासमोर विचारला की प्रश्नाचा आरोप होतो, आणि मिस्त्रीला तेच हवं होतं.

धाकटा मागे रिकाम्या खोक्यांमध्ये केबल गुंडाळत होता. तो पुढे आला. "मी केलं, दादा."

"अर्थिंग कुठे घेतलंस?"

"सीटच्या बोल्टला. रंग खरवडून."

"खरवडून! नीट खरवडला असतास तर ही वेळ आली असती का? पुन्हा कर. मुळापासून."

धाकट्याने पाना उचलला. तो सदतीस वर्षांचा होता, कानशिलांवर केस पांढरे झाले होते. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा, आईविना पोर होता. त्याच्या गुडघ्यांवरच्या खपल्यांना हळद तिनेच लावली आणि पाढेही तिनेच म्हणून घेतले. त्याचं लग्न जमलं नाही, आता जमायचंही नव्हतं. दादाचं दुकान आणि वहिनीच्या हातचं जेवण, एवढाच त्याचा संसार.

तो जीपखाली सरकला. पाठीखाली पोतं टाकायला विसरला आणि तापलेल्या जमिनीवर त्याची पाठ कशी भाजली असेल ते वहिनीला त्याच्या आखडलेल्या पायांवरून कळलं. तिने पोतं पुढे सरकवलं.

त्या दुकानाची एक रीत होती, मिस्त्रीच्या वडिलांपासूनची. अँप्लिफायरच्या कडेला आवाजाचा एक बारीक स्क्रू असतो. किती आवाज आत घ्यायचा ते तो ठरवतो. मीटर लावून तो बसवणारे पुष्कळ आहेत. इथे तो कानाने बसवायचा. एकच जुनं गाणं लावायचं, बाईच्या आवाजातलं. स्क्रू पुढे नेत जायचा, आवाज फाटतोय असं वाटलं की थांबायचं, आणि मग केसाएवढं मागे. वडील गेल्यावर हे काम मिस्त्रीकडे आलं आणि तो बापापेक्षा सरस निघाला. लोक त्याला कानवाले मिस्त्री म्हणायला लागले. लांबलांबच्या गाड्या फक्त तेवढ्या एका स्क्रूसाठी यायच्या.

स्क्रू बसला की मिस्त्री "हां" म्हणायचा. मग वहिनी नेलपॉलिशची बाटली काढायची आणि स्क्रूच्या खाचेच्या दिशेने, खाचेवरून थेट डब्याच्या अंगावर, एक लाल रेघ ओढायची. कोणी स्क्रू हलवला तर रेघ मोडलेली दिसते. रेघेला कोणी हात लावायचा नाही, भाऊ असो नाहीतर गाडीचा मालक. वहिनीच्या स्वतःच्या नखांना ते नेलपॉलिश कधी लागलं नव्हतं. आणखी एक सांगायचं म्हणजे ही रेघ आधी मिस्त्रीच ओढायचा. पंचेचाळिशीत त्याचे डोळे अधू झाले, चष्मा आला आणि बारीक काम वहिनीकडे आलं. त्याची कोणाला लाज वाटली नाही. डोळे सगळ्यांचेच जातात.

धाकट्याने अर्थिंगची तार काढली, नवी टाकली, बोल्टभोवतीचं लोखंड चांदीसारखं चमकेपर्यंत घासलं. मिस्त्रीने गाणं लावून स्क्रू पुन्हा बसवला. "हां," तो म्हणाला. वहिनीने जुनी रेघ ब्लेडने खरवडून नवी ओढली. गॉगल गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. या वेळी हॉर्नही वाजवला नाही. गाडीतून उतरला आणि स्टुलावर येऊन बसला, आणि ते जास्त वाईट होतं.

त्या दिवशी स्पीकर तपासले. धाकट्याने चारही स्पीकर उतरवून मीटरवर मोजले. मागचे दोन एकाच तारेवर जोडलेले निघाले, त्यामुळे अँप्लिफायरवर जास्त भार पडत होता. तशी जोडणी दादानेच सांगितली होती, पण ते तो बोलला नाही. त्याने ती बदलली. बॅटरीला मीटर लावून गॉगलला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. काटा जागच्या जागी होता.

"दादा," तो म्हणाला, "एकदा स्क्रूपण मीटरवर बघू का?"

मिस्त्री टेबलावर वाकून काहीतरी शोधत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"दादा!" धाकटा मोठ्याने म्हणाला.

"बहिरा नाही मी. काय आहे?"

"म्हटलं, स्क्रू मीटरवर—"

"रेघेला हात लावायचा नाही." मिस्त्रीने पकड टेबलावर आपटली. "मीटरला गाणं कळतं का? तुझं वायरिंग धड कर आधी."

गॉगल खो-खो हसला. त्याचं हसणं ऐकून समोरचा पंक्चरवालाही हसला, काय झालं ते माहीत नसताना. धाकट्याचे कान लाल झाले. तो मीटरच्या दोन तारा एकमेकींभोवती गुंडाळत बसला, सोडवायच्या आणि पुन्हा गुंडाळायच्या.

तिसऱ्या दिवशी डबा पुन्हा मुका होऊन आला, तेव्हा मिस्त्रीने अँप्लिफायर टेबलावर घेऊन उघडला. आतल्या ट्रान्झिस्टरांखालची, धग बाहेर नेणारी पांढरी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. वहिनीने ती टोकदार काडीने कोरून काढली आणि नवी भरली. धाकट्याने सीटखालची सतरंजी कापून हवेला वाट केली आणि जुन्या कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा बसवला. तिघेही घामाने निथळत होते. वहिनीच्या हनुवटीवरून घामाचा थेंब नेमका सोल्डरिंगच्या टोकावर पडून चर्र झाला आणि मिस्त्री म्हणाला, "पाणी शिंपडतेस की काय माझ्या कामावर?" त्यावर तिघेही हसले. पाच दिवसांतलं ते एकच हसू.

मग स्क्रू, मग "हां", मग रेघ.

"आज मी जाते गाडीबरोबर," वहिनी म्हणाली. "किती मिनिटांनी तापतो ते हात ठेवून बघते. भाऊजी चालवतील."

गॉगलने किल्ली दिली. दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धाकटा गाडी चालवत होता आणि वहिनी मागे खाली पाय दुमडून बसली होती, एक हात सीटखालच्या डब्यावर. धुरळा तोंडात करकरत होता. धाकट्याने तेच गाणं लावलं.

दहा मिनिटांत फासळ्या कोमट झाल्या. पंधरा मिनिटांनी गरम. वहिनीचं लक्ष हातावर होतं म्हणून तिला आधी समजलं नाही की दुसरंही काही खटकतंय. मग बाईने वरचा सूर घेतला आणि वहिनीला वाटलं, नवं कापड टरकावताना होतो तसा आवाज आला. तिने मान तिरकी केली. पुन्हा वरचा सूर, पुन्हा टर्रर्र.

"भाऊजी, फाटतोय आवाज."

"मलाही वाटलं होतं परवा," धाकटा पुढे बघतच म्हणाला. "पण दादाने लावलाय ना. रेघ आहे."

"आवाज फाटला की डबा तापतो का?"

"तापणारच. कुवतीपेक्षा जास्त ओरडायला लावलं की आवाजाचा शेंडा चिरडतो. जे गाण्यात जात नाही ते धग होऊन अंगात राहतं." आणि लगेच तो म्हणाला, "पण तसं नसणार, वहिनी. वायरिंगच असेल माझं. कुठेतरी चुकलं असेल."

तिसाव्या मिनिटाला लाल दिवा लागला आणि गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. धाकट्याने गाडी वळवली.

त्या संध्याकाळी मिस्त्री मोरीत हातपाय धूत होता. बादलीत तांब्या बुडवायचा, पायांवर ओतायचा. वहिनी दारात त्याच्या पाठीमागे उभी राहिली. चार हातांचं अंतर होतं.

"अहो," ती रोजच्या आवाजात म्हणाली.

त्याने तांब्या बुडवला.

"अहो, घराला आग लागलीय."

त्याने डाव्या टाचेवरचं ग्रीस घासलं.

"तुमच्यासारखा दुष्ट माणूस मी जन्मात पाहिला नाही," ती तेवढ्याच शांतपणे म्हणाली. मिस्त्री टाच घासत राहिला आणि तोंडाने कसलीशी धून गुणगुणत राहिला, बेसूर.

वहिनीने दाराच्या चौकटीला हात लावला. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिचं कधी ऐकलं नव्हतं. आता त्याला ऐकू येत नाही हे तिला कळणार कसं? दोन्हींत फरक असा काही पडलाच नव्हता.

मग तिला गेल्या वर्षीचा पावसाळा आठवला. तिची आई गेल्याचा निरोप आला तेव्हा मिस्त्री पंख्याची मोटर साफ करत होता. ती त्याच्या पाठीमागे उभी राहून म्हणाली होती, "मला तिकडे चार दिवस राहू द्या." त्याने मान वर केली नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि आत गेली. दुसऱ्यांदा विचारायची नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं. सकाळी गेली, आईला पोचवलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली, स्वयंपाक केला. तेव्हापासून या माणसाशी ती कामापुरतंच बोलायची. वर्षभर तिने तो राग जिवापाड सांभाळला होता, आणि आता तो कुठे ठेवायचा ते तिला समजेना. त्याने नाही म्हटलंच नव्हतं. त्याला ऐकूच आलं नव्हतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला.

जेवण झाल्यावर तिने त्याच्यासमोर बसून, तोंड त्याच्या तोंडासमोर ठेवून विषय काढला. धाकटा अंगणात खाटेवर पडला होता.

"कान दाखवू या का डॉक्टरला?"

"कोणाचे?"

"तुमचे."

मिस्त्रीचा हात पाण्याच्या तांब्यावरच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी जे आलं तो राग नव्हता. ते वहिनीने पाहिलं. ते भय होतं, आणि ते क्षणभरच दिसलं.

"हे तुला त्याने सांगितलं," तो म्हणाला.

"कोणी?"

"माझ्या भावाने. आज दोघं गाडीत होतात ना? मला समजत नाही वाटतं! मीटर लावू, मीटर लावू. आधी माझा कान खोटा ठरवायचा आणि मग दुकान घ्यायचं. वायरिंग स्वतःचं भिकार आणि नाव माझ्या कानाचं."

"ते काहीच बोलले नाहीत. मी म्हणतेय."

"तुला काय कळतं आवाजातलं? पुन्हा हा शब्द काढलास तर त्याचं बोचकं मी रस्त्यावर फेकीन. सांगून ठेवतो."

तो एवढ्या मोठ्याने बोलला की अंगणातली खाट करकरली. वहिनीने ताटं उचलली. आपण तोंड उघडलं आणि भाऊजींच्या पायाखालची जमीन आणखी खचवली, एवढंच तिला कळलं. हा विषय या घरात सरळ वाटेने सुटणार नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने जाहीर केलं की सगळं वायरिंग तो स्वतः करणार. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे धरलेले, तो जीपच्या फरशीवर पालथा पडला. धाकट्याने टाकलेली प्रत्येक तार त्याने उपटली आणि रस्त्यावर फेकली. त्या तारांची टोकं धाकट्याने किती निगुतीने वळवून टेप लावली होती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. धाकटा त्या गोळा करून गुंडाळत राहिला. कोणी सांगितलं नव्हतं, पण नुसतं उभं राहणं त्याला जमलं नसावं.

मिस्त्रीने अंगठ्याएवढी जाड केबल टाकली, गरजेपेक्षा दुप्पट. तीन तास तो घामात आणि धुळीत लोळला. मध्येच चष्मा निसटला आणि त्याला तो सापडेना, तेव्हा वहिनीने तो त्याच्या पोटाखालून काढून दिला. कामात त्याने कसूर केली नाही, हे खरंच म्हणावं लागेल.

मग त्याने गाणं लावलं. स्क्रू पुढे नेत गेला. वहिनी शेजारी बाटली घेऊन बसली होती. कापड टरकल्याचा आवाज यायला लागला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे मिटलेले, भुवया वर, अगदी पूर्वीसारखं तल्लीन तोंड. तो आणखी पुढे गेला. बाईचा आवाज चिंध्या होऊन बाहेर पडत होता आणि हा माणूस त्यात काहीतरी सुंदर शोधत होता. वहिनीला त्याची एवढी कणव आली की तिने नजर खाली वळवली.

"हां," तो म्हणाला. "ओढ रेघ." आणि कंबर धरून हात धुवायला गेला.

धाकटा रस्त्याच्या पलीकडे पंक्चरवाल्याकडे पाणी आणायला गेला होता. गॉगल झाडाखाली फोनवर बोलत होता. वहिनीने टेबलावरचा बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला आणि गाण्याकडे कान देऊन स्क्रू मागे घ्यायला सुरुवात केली. थोडा. अजून थोडा. सूर वर चढला आणि फाटला नाही. मग तिने केसाएवढा आणखी मागे घेतला, सव्वीस वर्षं बघत आली होती तसा. तिने रेघ ओढली आणि फुंकर घातली.

मिस्त्री ओल्या हातांनी परत आला. जीपच्या दाराला तळहात टेकवून त्याने ठोक्यांची थरथर अनुभवली. वहिनी त्याच्या तळहाताकडे बघत राहिली.

"बघ," तो म्हणाला, "आता कसा मोकळा वाजतोय."

पाचव्या दिवशी सकाळी गॉगल फिरकला नाही. दुपारीही नाही. धाकटा दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघायचा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जीप आली, गाणं चालू, मागे मजुरांची गर्दी, सगळ्यांची तोंडं दगडाच्या भुकटीने पांढरी. एक जण टपावर ठेका धरत होता. गॉगलने उडी मारली आणि मिस्त्रीच्या गळ्यात हात टाकला.

"जाताना वाजला, येताना वाजला! चढावरसुद्धा! हात लावून बघा, नुसता कोमट. मिस्त्री, मानलं तुम्हाला."

"मी स्वतः वायरिंग केलं," मिस्त्री म्हणाला. आनंदात त्याचा आवाज आणखी चढला होता. रस्त्याच्या पलीकडेही ऐकू जात होतं. "इतके दिवस दोष सगळा वायरिंगचाच होता. एकदा माझ्या हाताने केलं आणि संपला विषय."

"म्हणजे तुमचे बंधूच माझे पाच दिवस खात होते!" गॉगलने चष्मा कपाळावर चढवला आणि धाकट्याकडे वळून हात जोडले. मागचे मजूर हसले. "बाकीच्या पाच गाड्या उद्यापासून आणतो. पण एक अट. यांनी हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मिस्त्री म्हणाला. "मी आहे ना."

वहिनीच्या हातात गरम सोल्डरिंग होतं. सांगायला एकच वाक्य लागणार होतं. सगळे समोर होते, धाकटा खांबाला टेकून उभा होता आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता. ती बोलली असती तर त्याची मान वर झाली असती. आणि मिस्त्रीची कायमची खाली गेली असती, या मजुरांसमोर, या गॉगलसमोर. पाच गाड्या गेल्या असत्या, मग पुढच्या पन्नास. कान गेलेल्या कानवाल्या मिस्त्रीकडे कोण येणार? तिने तोंड उघडलं. मग सोल्डरिंग स्टँडवर ठेवलं आणि त्याची वायर सरळ केली. स्वतःची एवढी शिसारी तिला कधीच आली नव्हती.

गॉगल चहा पिऊन येतो म्हणून पलीकडे गेला, मजूर उतरून घरोघर पांगले. धाकटा खांबापासून हलला. जीपचं दार उघडून त्याने सीटखाली डोकं घातलं. वहिनीला वाटलं, दादाचं वायरिंग बघत असेल. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाच्या टोकाला लाल रंगाचा एक कण चिकटला होता. डब्याच्या अंगावर आधीच्या खरवडलेल्या रेघांचे डाग सगळे एका जागी होते, आणि नवी रेघ त्यांच्यापासून दोन तांदळांएवढी मागे. रेघ कोण ओढतं हे त्याला सांगायला नको होतं. त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने नजर खाली वळवली नाही, तेवढं तरी ती त्याचं देणं लागत होती.

तो आत गेला. घर दुकानाच्या मागेच होतं. थोड्या वेळाने कपड्यांची पिशवी आणि आपला मीटर घेऊन बाहेर आला. मिस्त्री टेबलाशी पाठमोरा बसून उद्याच्या गाड्यांसाठी केबलचे तुकडे मोजून कापत होता, तोंडाने गुणगुणत.

धाकटा त्याच्या मागे येऊन उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. घरात बसून दोन माणसं बोलतात तेवढ्याच आवाजात बोलला. "वायरिंग माझं बरोबर होतं. स्क्रू तू जास्त ओढत होतास. तुझे कान गेलेत, दादा. काल वहिनीने मागे घेतला म्हणून गाडी चालली. मी शहरात काम बघतो कुठेतरी. सांभाळून राहा."

पकडीने केबल तोडली. कट्. मिस्त्रीने पुढचा तुकडा मापाला लावला.

धाकटा अजून क्षणभर थांबला. तो ओरडू शकला असता. खांद्याला धरून दादाला वळवू शकला असता. रस्त्याच्या पलीकडे गॉगल होता, पंक्चरवाला होता, ऐकायला पुष्कळ लोक होते. त्याने वाकून दादाच्या स्टुलाच्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. वहिनीजवळून जाताना तो थांबला नाही. फक्त म्हणाला, "पोतं आत ठेवा, वहिनी. वाऱ्याने उडेल."

ती त्याला वळणापर्यंत बघत राहिली. पिशवी खांद्यावर आणि मीटर छातीशी धरलेला. मग एक टँकर आडवा आला आणि तो गेल्यावर रस्ता रिकामा होता.

मिस्त्रीने केबलचा शेवटचा तुकडा कापला, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि इकडेतिकडे बघितलं. "कुठे गेला हा? गाड्या यायच्यात उद्या."

"गेले ते," वहिनी त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "शहरात. काम बघायला."

"न सांगता?"

तिने पोतं उचलून त्याची घडी घातली.

"सव्वीस वर्षं सांभाळला आपण," मिस्त्री म्हणाला, आणि त्याचा ओठ खरोखर थरथरला. "जाताना भावाशी एक शब्द बोलावासा वाटला नाही त्याला. एक शब्द!"

वहिनीने खाली वाकून नेलपॉलिशची बाटली उचलली, उन्हाने सैल झालेलं तिचं झाकण घट्ट केलं आणि तारांच्या डब्याआड ठेवली. अजून पाच गाड्यांना पुरेल एवढं होतं.

"हो ना," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, त्याला ऐकू जाईल असं.